मिनिमम भरलं की झालं?

मी अकरा वर्षं बँकेच्या रिकव्हरीत होतो, म्हणजे तुम्हाला ज्यांचे फोन येतात ना, त्यांच्यातच बसायचो. तर आधी मोबाईलवर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडा. दोन आकडे दिसतील, टोटल आणि मिनिमम, आणि आपली नजर बरोबर त्या छोट्या आकड्यावर जाते. समजा १ लाख थकलेत, मिनिमम आलं ५ हजार, भरलंत, हुश्श केलंत. आता व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे ३,५००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये, झाले ४,१३०. म्हणजे ५ हजारांतले मुद्दलात गेले फक्त ८७०! आणि मागचं थकलेलं असताना नवीन काही घेतलं, अगदी किराणा का असेना, त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू.

मग काय, दुसरं कार्ड काढून पहिलं भरायचं, तिसरं काढून दुसरं, याची टोपी त्याच्या डोक्यावर. एक गृहस्थ आले होते आमच्याकडे, पाच कार्डं रबरबँड लावून शर्टाच्या खिशात, प्रत्येकाच्या मागे कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिलेली, ५, ९, १४, १८, २३. माणूस हिशेबी होता हो, तेच वाईट वाटतं. घरी बायकोला पत्ता नाही, आणि कपाटात सोनं पडून! वर्षाला ४२ टक्क्यांचं देणं फेडायला सोनं तारण ठेवून त्याहून कितीतरी स्वस्त कर्ज काढलं तर बिघडलं कुठं, पण दागिने सासूबाईंकडून आलेले, मग बायकोला विचारायचं कसं, या एका विचारात दीड वर्ष गेलं.

हल्ली बरेच जण विचारतात, सर, सरळ दिवाळखोरी जाहीर केली तर? अमेरिकेत करतात ना. अहो, आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, पण त्यातला साध्या माणसांचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू केलाय, तुम्हाआम्हाला अजून इंग्रजांचेच कायदे, मुंबईत १९०९ चा, बाहेर १९२० चा. त्या १९२० च्या कायद्यात अर्ज करायला देणं किती हवं माहितीय? ५०० रुपये, यावरून काळ ओळखा. वकील, तारखा, मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात, आणि नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरलात की आमदारकीही लढवता येत नाही, हे शेवटचं तुम्हाला बहुतेक चालेल. कार्डाच्या देण्यासाठी तिकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा बँकेला आपणच मेल करा, पगार एवढा आहे, महिन्याला एवढे देऊ शकतो, थकबाकीचा ईएमआय करून द्या. फोन उचला, पण फोनवर आकडा कबूल करू नका, म्हणावं लेखी पाठवा. सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कोणी केला तर बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. पोलीस आणतो म्हणतात ते ऐकून घ्या नुसतं, कार्ड थकणं हा दिवाणी मामला आहे. मात्र घाबरून पुढच्या तारखेचा चेक लिहून देऊ नका हां, तो बाऊन्स झाला की कलम १३८, आणि ते फौजदारी. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर तेही हलवा, खात्यावर लियन लावून ठेवतात, म्हणजे त्यातले पैसे अडवतात, भाड्याच्या तारखेला कळतं.

९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, आणि मग सेटलमेंटची, म्हणजे काही रक्कम भरून मिटवायची ऑफर येते, कधी निम्म्यावर सुद्धा. मोह होतो. पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, उद्या होमलोनला गेलात की तिथला माणूस पहिलं तेच बघतो. दुसरा मार्गच नसेल तर करा, पण बँकेच्या लेटरहेडवर पत्र आधी, पैसे नंतर, आणि पैसे बँकेच्याच खात्यात, एजंटच्या यूपीआयवर नाही. मग नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र घ्या आणि जपून ठेवा. आपल्या त्या पाच कार्डंवाल्यांनी शेवटी घरी सांगितलं, सगळं फेडलं, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा दुसऱ्याच कंपनीचा फोन, तुमचं देणं आम्ही विकत घेतलंय म्हणून! बायकोनंच ते पत्र शोधून काढलं, दागिन्यांच्या डब्यात ठेवलेलं.