प्याल्याआधीचे दृश्य

(दृश्य: नागपूर, शनिवारची संध्याकाळ. एका जुन्या घराची माडी. भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर, समोर अंथरलेली सतरंजी. कॅमेरा हातांवर, चपलांवर, चहाच्या पेल्यांवर फिरतो. चेहऱ्यावर कुठेच थांबत नाही.)

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या माडीवर आठ-दहा माणसे चित्रपट पाहायला जमतात. एकेकाळी बेसुमार पिणारी आणि आता न पिणारी अशी ही माणसे आहेत. कुणाला दारू सोडून पंधरा वर्षे झाली आहेत, तर कुणाचे अजून चाळीस दिवसही भरलेले नाहीत. ही त्यांची मीटिंग नव्हे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग वेगळ्या वारी, वेगळ्या जागी होते आणि तिथे प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलतो. इथे मात्र एखादा लोकप्रिय चित्रपट लावला जातो आणि रिमोट ज्यांच्या हाती असतो, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. निनावी राहण्याची या मंडळींची रीत आम्हीही पाळत आहोत, त्यामुळे भाऊंचे नाव किंवा चेहरा या माहितीपटात येणार नाही.

भाऊ चित्रपट जिथे थांबवतात, ती जागा सुरुवातीला आम्हाला चमत्कारिक वाटली. नायकाने बाटली उघडली की आता ते थांबवतील आणि दारूच्या दुष्परिणामांवर बोलतील, अशी आमची अपेक्षा होती. ते तिथे थांबवत नाहीत. ते चित्र तीन-चार मिनिटे, कधी दहा मिनिटे मागे नेतात आणि ज्या दृश्यात नायकाला कुणी टाकून बोलले, कुणी त्याच्या तोंडावर दार लावले, किंवा जन्मदात्याने पाठ फिरवली, तिथे चित्र गोठवून विचारतात, "याच्या मनात आता काय राहिलं?"

मनात जे राहते, त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: अढी, आकस, सल, किल्मिष. भाऊ मात्र डूख हाच शब्द वापरतात, कारण तो सापाचा आहे. राग येतो आणि ओसरतो. डूख जपावा लागतो, त्याला रोज काहीतरी पाजावे लागते. काय पाजले, हे या माडीवर कुणाला सांगावे लागत नाही.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारात पैसा आणि नाव दोन्ही घालवून बसलेला गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघेही दारूने पोखरलेले होते. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली. या चळवळीचे मूळ पुस्तक १९३९ मध्ये निघाले आणि त्यात मद्यपींचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणून मनातल्या आकसाकडेच बोट दाखवलेले आहे. दारूतून बाहेर पडण्यासाठी या चळवळीने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर माणसाला कागद घेऊन बसावे लागते. पहिल्या रकान्यात कुणावर राग आहे ते लिहायचे, दुसऱ्यात कशावरून, आणि तिसऱ्यात त्याने आपले काय दुखावले: मान, पैसा, नातेसंबंध की सुरक्षितता. एवढे लिहून झाले की पुन्हा त्याच यादीवर फिरायचे आणि या साऱ्यात आपली चूक कुठे होती ते लिहायचे. पहिले तीन रकाने झरझर भरतात, असे सगळेच सांगतात. चौथ्याला पेन अडते. भाऊंच्या मते आपले बरेचसे नायक तिसऱ्या रकान्यापर्यंत पोहोचतात आणि मग गाणे सुरू होते.

(दृश्य: सावनेरकडे जाणारा रस्ता, सकाळचे धुके.)

याची मुळे चित्रपटाच्या आधीची आहेत आणि त्यांचा एक धागा नागपूरच्या जवळच सापडतो. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातला सुधाकर आपल्याला दारुड्या म्हणून ठाऊक आहे. तो पहिला घोट का घेतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहिलेले नसते. सुधाकर हा हुशार, मानी वकील असतो. न्यायालयात खटका उडतो, त्याची सनद काही काळ रद्द होते आणि त्या अपमानाची आग शमवण्यासाठी तळीराम हा दारुडा सोबती त्याच्या हाती पेला देतो. नाटकाच्या नावातला 'एकच' हा शब्द त्या आगीवरचा उतारा म्हणून आलेला आहे. त्याची बायको सिंधू हिच्या हालांवर महाराष्ट्राने शंभर वर्षे अश्रू ढाळले आणि ते योग्यच होते, पण न्यायालयातला तो खटका जर सुधाकरने मनात घर करून बसू दिला नसता तर तळीरामाला घरात शिरायला फट कुठे मिळाली असती, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही.

पडद्यावर हीच फट देवदासच्या रूपाने आली. शरदचंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीवरून १९३६ मध्ये कुंदनलाल सैगल, १९५५ मध्ये दिलीप कुमार आणि २००२ मध्ये शाहरुख खान असे तीन हिंदी देवदास झाले. तिन्ही वेळा प्रेक्षक हळहळले. देवदासला नकार पारोने आधी दिलेला नाही. ती रात्री स्वतः त्याच्या दाराशी आली होती आणि कच खाल्ली ती त्याने. मग उशिरा परतल्यावर, तिने मान ताठ ठेवली म्हणून, त्याने तिच्या कपाळावर कायमची खूण उमटवली. माडीवर हा भाग लागला तेव्हा एरवी गप्प बसणारे एक सदस्य म्हणाले की माझ्या यादीत शेवटचे नाव माझे स्वतःचे होते आणि तेच सर्वांत उशिरा खोडले गेले. देवदासचा डूख स्वतःवरच आहे. तो स्वतःला शिक्षा करतो आणि तिला प्रेम म्हणतो, आणि आपणही ती शिक्षा प्रेम समजूनच पाहतो.

पडद्यावरच्या दारुड्याने आपल्याला हसवलेही पुष्कळ. ज्यांचे पडद्यावरचे नावच एका व्हिस्कीवरून पडले होते, ते जॉनी वॉकर प्रत्यक्षात दारूला शिवत नसत. झिंगण्याची ती कला सगळी निरीक्षणातून आलेली होती. हसताना मात्र आपण झिंगण्यामागचे कारण विसरत गेलो.

'शराबी' हा १९८४ चा चित्रपट या माडीवर दोनदा लागला आहे. श्रीमंत बापाने पैसा दिला पण वेळ दिला नाही, म्हणून पिणारा विकी, आणि ज्याला मायेचे बोलणे कधी जमलेच नाही तो बाप, अशी ती गोष्ट. पडद्यावरचा विकी पितो आणि तरीही दिलदार, हजरजबाबी, रुबाबदार राहतो. घरी उलट्या पुसणाऱ्या बायकांना हा विकी कुठे भेटला असेल, असा प्रश्न भाऊंनी विचारला तेव्हा खोलीत हशा झाला. तो फार वेळ टिकला नाही. या चित्रपटात अमिताभ बच्चन यांचा डावा हात बराच वेळ खिशात दिसतो. त्या काळी पोरांनी ती ऐट म्हणून उचलली. खरे म्हणजे दिवाळीच्या फटाक्याने तो हात भाजलेला होता आणि जखम दिसू नये म्हणून तो खिशात ठेवलेला होता. भाऊ ही माहिती दर वेळी नव्याने सांगतात आणि लगेच दुसऱ्या एका खिशाकडे वळतात.

(दृश्य: नागपुरातील एका वस्तीशेजारचे मोकळे मैदान. भिंत, कचरा, चेंडू.)

तो खिसा याच शहरातला आहे. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू करणारे प्राध्यापक विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे, आणि त्यात प्रशिक्षकाच्या भूमिकेत तेच अमिताभ बच्चन आहेत. त्यातला डॉन हा वस्तीतला पोरगा. नशा, चोऱ्या आणि एका प्रतिस्पर्ध्याशी चाललेले वैर यांत तो गुरफटलेला असतो. नशा सुटत जाते, खेळ हाती येतो, परंतु वैर त्याला पुन्हा पुन्हा मागे ओढते आणि परदेशी जाण्याच्या वाटेत पोलिसांचे प्रकरण आडवे येते. शेवटी विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना त्याच्या खिशात सवयीने बाळगलेले पाते असते आणि ते टाकल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही.

भाऊंनी चित्र तिथे गोठवले आणि बराच वेळ कुणी बोलले नाही. चाळीस दिवस न भरलेल्या मुलाने शेवटी विचारले, "पण फेकून दिल्यावर कोणी मारायला आलं तर?" या प्रश्नाला त्या संध्याकाळी कुणी घाईने उत्तर दिले नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. डूख सोडा म्हणणे सोपे आहे. ज्याच्या वस्तीत भीती खरी आहे, त्याला ते पाते म्हणजे निव्वळ राग वाटत नाही, संरक्षण वाटते. भाऊ एवढेच म्हणाले की मी बाटली सोडली त्या दिवशी मलाही असेच उघडे पडल्यासारखे वाटले होते.

माफी मागण्याचा धडा ही मंडळी 'लगे रहो मुन्नाभाई' मधून घेतात. २००६ च्या या चित्रपटाचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचेच, त्यामुळे इथे त्यावर थोडा हक्कही सांगितला जातो. फुले देऊन समोरच्याला लाजवण्याची गांधीगिरी गाजली. भाऊ मात्र मुन्ना सर्किटची माफी मागतो तेच दृश्य लावतात. आठव्या पायरीवर आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी होते आणि नवव्या पायरीवर, कुणाला नव्याने इजा होणार नसेल तेथे, प्रत्यक्ष जाऊन भरपाई करायची असते. मुन्नाला गुंडांसमोर छाती काढून उभे राहणे जमते, पण ज्याने आयुष्यभर साथ दिली त्याच्यासमोर दोन शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळते. 'डियर जिंदगी' हा २०१६ चा चित्रपट एका तरुण सदस्याने सुचवला होता. दारूशी त्याचा संबंध नाही, परंतु आईवडिलांकडे चुका करणारी साधी माणसे म्हणून पाहायला शिकणारी नायिका त्याला स्वतःच्या यादीत सापडली.

(दृश्य: तान्ह्या पोळ्याचा दिवस. जागनाथ बुधवारी, इतवारी. गर्दी, ढोल, पिवळी आणि काळी मारबत.)

"इडा पीडा घेऊन जा गे मारबत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्यावर उतरते आणि शहराला सलणाऱ्या सगळ्या गोष्टी, रोगराईपासून महागाईपर्यंत, मारबती आणि बडगे या पुतळ्यांच्या डोक्यावर देऊन त्यांचे दहन करते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक आम्ही भाऊंसोबत पाहिली. ते लहानपणापासून तिच्यामागे पळाले आहेत आणि आजही त्यांना ती आवडते. परंतु ते म्हणाले की मारबतीत पहिले तीन रकाने असतात, चौथा नसतो. आपण आपल्या हाताने केलेल्या गोष्टीचा बडगा अजून कुणी बांधलेला नाही. त्याच शहरात दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये 'मी दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा आहे, आणि वैराने वैर शमत नाही हे धम्मपदाचे वचनही तिथे येणाऱ्यांना अपरिचित नाही. गटातले एक सदस्य म्हणाले की नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील मी लहानपणापासून रोज म्हणत होतो, वैराच्या गाथेकडे लक्ष मात्र दारू सुटल्यावर गेले.

(दृश्य: काटोलकडे जाणारी एसटी. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा.)

भाऊंच्या स्वतःच्या यादीत पहिले नाव थोरल्या भावाचे होते आणि दुसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: धुरा, म्हणजे शेताचा बांध. वाटणीनंतर दोघांच्या शेतामधल्या धुऱ्यावर एक जुनी बाभूळ उरली. ती कुणाची, यावरून सुरू झालेले बोलणे अकरा वर्षे बंद पडले आणि त्या अकरा वर्षांत भाऊ रोज प्याले. 'मुन्नाभाई' पाहिल्यानंतरच्या आठवड्यात ते गावी निघाले. आम्ही सोबत होतो, कॅमेरा मात्र फाटकाबाहेर ठेवण्याचे ठरले होते. वहिनींनी पाणी दिले. थोरले भाऊ ओसरीवर आले, बसले, संत्र्याच्या अंबिया बहाराच्या फळगळीबद्दल बोलले. धाकट्याने जे बोलायचे ते बोलून टाकले. थोरल्यांनी मान हलवली आणि जरा वेळाने म्हणाले की ती बाभूळ चार पावसाळ्यांपूर्वीच वादळात पडली, लाकूड चुलीला गेले.

परतीच्या एसटीत भाऊ बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि हलत्या गाडीत वाकड्यातिकड्या अक्षरांत एक नवी ओळ लिहिली. आम्ही विचारले नव्हते, तरी त्यांनी ती वाचून दाखवली. "दादा. बाभळीचं लाकूड एकट्यानंच जाळलं. अर्धं माहं होतं." आणि मग चौथ्या रकान्यावर पेन ठेवून ते कळमेश्वर येईपर्यंत तसेच बसून राहिले.