झऱ्याखाली धरलेली बादली

(दृश्य: पुण्यातलं बावधन, सकाळ. खडकातून पडणारी बारीक धार.)

एक बादली आणि एक मोबाइल. बादली धारेखाली धरायची, ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर बघायचं आणि वहीत लिहायचं. झालं झऱ्याचं मोजमाप! भूजलशास्त्राची ही रीत इतकी साधी, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय.

पुणेकराला पाणी कुठून येतं विचारा, 'खडकवासल्याहून' हे उत्तर तोंडावर असतं. पण 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा नळ कोरडे पडलेल्या या शहराने वाड्यांतले आड शेंदले. पुढे नळ परत आले आणि आडांवर फरश्या बसल्या.

खालचं पाणी मात्र काळ्या पाषाणात होतं तिथेच राहिलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, भाकऱ्यांच्या चळतीसारखे. भेगाळ, मुरमाड थर पाणी धरतो, घट्ट थर ते अडवतो. अडलेलं पाणी आडवं सरकतं आणि टेकडीच्या उतारावर जिथे थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. खडकाचा हात मात्र आखडता. शंभर बादल्या खडकातून साधारण एक ते तीन बादल्याच पाणी सुटतं. इमारतीच्या तळघराचा खड्डा नेमका हाच थर कापतो. मग 'पाणी लागलं' म्हणून वैतागायचं, पंप लावायचा आणि ते रात्रंदिवस गटारात सोडायचं. दोन गल्ल्या पलीकडे टँकर उभा असतो, तो वेगळाच विषय!

(दृश्य: सोसायटीचं गेट, झाकण घातलेली विहीर.)

राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गेली अनेक दशकं राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते. पण राज्याच्या जाळ्यात गल्ली सापडत नाही. पुण्यातल्या 'अ‍ॅक्वाडॅम' संस्थेचे भूजलतज्ज्ञ इथे बावधनच्या रहिवाशांबरोबर जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा करायला उतरले, ते यासाठीच. नकाशाला विहिरी लागतात आणि विहिरी असतात कुंपणाआड. तिथे पीएचडी चालत नाही, वॉचमनला नावाने हाक मारणारे काका लागतात. कोणती बोअर होळीलाच धापा टाकते, कोणती विहीर मे महिन्यातही आटत नाही, कुणाच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात जमिनीतून पाणी येतं, हे काकांना तोंडपाठ. ते तिथेच का येतं, हे तज्ज्ञांना खडकात दिसतं. खरं तर हे काका नसते, तर नुसत्या खडकांवरून नकाशा अर्धाच राहिला असता.

झाकण सरकतं. मोजपट्टी खाली जाते, ओली होऊन वर येते. काका आकडा वाचतात, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचतात. तज्ज्ञ मुलगी लिहून घेते. झाकण बंद होतं आणि किल्ली परत वॉचमनच्या खिशात जाते, पुढच्या महिन्यापर्यंत.