जुनी मर्सिडीज, घरचे वर्कशॉप आणि परतवता येणारे बदल

सोलापूरकर श्रोतेहो,

जुनी आलिशान मोटार घरच्या वर्कशॉपमध्ये उभी करणे आणि आजच्या रस्त्यांसाठी तिच्यात बदल करणे, हा आजचा विषय आहे. सगळ्याच गाड्यांबद्दल थोडे थोडे बोलण्याऐवजी मी एकच गाडी घेतो. तिच्यावर मी स्वतः काम केले आहे आणि ती आपल्या गावाला विशेष सोयीची आहे. मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी ही ती गाडी. ही मालिका १९७६ साली बाजारात आली आणि १९८६ च्या सुरुवातीपर्यंत चालली. तेवढ्या काळात तिच्या सुमारे २७ लाख गाड्या तयार झाल्या. भारतात तिची जोडणी कधी झाली नाही. पुण्यात मर्सिडीजची जोडणी सुरू झाली ती १९९५ साली, तिच्या पुढच्या डब्ल्यू १२४ मालिकेपासून. त्यामुळे आपल्याकडच्या डब्ल्यू १२३ गाड्या आयात केलेल्या आहेत आणि त्यांतल्या अनेक आज कोणाच्या तरी वाड्यात किंवा गोदामात धूळ खात उभ्या आहेत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा गाडीत बदल करायला माझी हरकत नाही. वैशाखात सोलापुरात गाडी चालवायची असेल, तर काही बदल करावेच लागतात. मात्र प्रत्येक बदल असा असावा, की उद्याच्या मालकाला तो साध्या पान्यांनी सोडवून मूळ गाडी परत उभी करता यावी. पत्रा कापणारा, इंजिनाच्या ब्लॉकला नवे भोक पाडणारा, मूळ वायरिंग तोडणारा बदल मी करत नाही आणि कोणी करू नये असे मला मनापासून वाटते.

आता ही गाडी आपल्याला सोयीची का, ते पाहू. २४० डी मध्ये ओएम ६१६ नावाचे चार सिलिंडरचे, २.४ लिटरचे डिझेल इंजिन आहे. आज ज्या कंपनीला आपण फोर्स मोटर्स म्हणतो, त्या बजाज टेम्पोने हेच इंजिन परवान्याखाली आकुर्डीत बनवले आणि ते ट्रॅक्समध्ये बसवले. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या वाटेवर वर्षानुवर्षे प्रवासी वाहणाऱ्या ट्रॅक्स गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत आणि दाटीवाटीने बसून त्यांतून प्रवासही केला आहे. त्या गाड्या हाताळलेला मिस्त्री या मर्सिडीजचे बॉनेट उघडतो तेव्हा बिचकत नाही, कारण समोरचे इंजिन त्याच्या ओळखीचे असते. गॅस्केट, रिंगा, बेअरिंग, नोझल असे पुष्कळसे भाग त्यामुळे जिल्ह्याच्या बाजारात मिळू शकतात. मात्र संप, माउंटिंग, मॅनिफोल्ड या बाहेरच्या जोडण्या गाडीगणिक बदलतात, म्हणून जुना भाग हातात घेऊन दुकानात जावे आणि मापे जुळवूनच नवा घ्यावा. टॅपेट सेट करण्याची, म्हणजे व्हॉल्व्हपाशी हवी तेवढी बारीक फट ठेवण्याची पद्धतही तीच आहे. या इंजिनात ही फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, त्यामुळे ठरावीक अंतराने झाकण काढून, इंजिन थंड असताना, १४ चे दोन वाकडे पाने आणि फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घेऊन हा गाळा, म्हणजे फट, जुळवावा लागतो. इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा गाळा ०.१० मिलिमीटर असतो. हे काम घरी निवांत बसून करता येते आणि ते नीट झाले की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो.

दुरुस्तीचा क्रम ठरवताना बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. मी कूलिंगपासून करतो आणि त्याचे कारण सोलापूरचे पाणी हे आहे. नळाला रोज पाणी नाही, म्हणून घराघरांत बोअर आहेत. बोअरचे पाणी जड आहे आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे तेच ओतले गेलेले असते. रेडिएटरचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले, तर नळ्यांच्या तोंडाशी पांढुरका, खरबरीत थर दिसतो; पातेल्याच्या बुडाशी बसतो तोच हा क्षार. ब्लॉकच्या आतल्या वाटांतही तो बसलेला असतो आणि मग ४२ अंशांच्या दुपारी पुणे रस्त्यावरच्या चढाला काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. अशा वेळी पुष्कळजण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडमीट करणारी झडप, काढून फेकतात. तसे कधी करू नये. या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासची वाटही उघडमीट करतो, त्यामुळे तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात जातो.

यावर खरा उपाय सायट्रिक ॲसिडचा, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाचा आहे. आधी यंत्रणेत तेल उतरले आहे का ते पाहावे. तेल असेल तर ते आधी धुऊन काढावे, कारण तेलकट क्षारावर आम्ल चालत नाही. मग सर्व पाणी काढून, साधारण दहा टक्क्यांचे द्रावण भरावे, हीटरचा कॉक उघडा ठेवावा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवावे. बाहेर येणारे पाणी पहिल्यांदा चहाच्या रंगाचे असते. ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे, शेवटी धुण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फिरवून आम्ल मारावे आणि मग डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचे मिश्रण भरावे. त्यानंतर बोअरच्या पाण्याचा एक थेंबही या रेडिएटरला दाखवू नये.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची. या गाडीचे सेंट्रल लॉकिंग विजेवर चालत नाही, ते हवेच्या ओढीवर चालते. चावी फिरवून इंजिन बंद करण्याचे कामही हीच ओढ करते. इंजिनाच्या पुढच्या बाजूला असलेला पंप ती निर्माण करतो आणि बारीक प्लास्टिकच्या नळ्या व रबरी कोपरे यांतून ती गाडीभर पोहोचते. आपल्या उन्हात हे रबर वाळून चिरते. मग कुठेतरी दाराच्या आतला, कुलूप हलवणारा रबरी पडदा फाटलेला असतो आणि त्याचा परिणाम असा होतो, की चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन धडधडत राहते. नवखा माणूस घाबरून इग्निशनचा स्विच बदलतो. वास्तविक बॉनेट उघडून इंजिनावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला दांडा दाबला की इंजिन बंद होते आणि हाताच्या व्हॅक्यूम पंपाने एकेक फाटा वेगळा तपासत गेले की गळती सापडते. नवे रबरी कोपरे बसवायला खर्च किरकोळ येतो, धीर मात्र लागतो.

पत्र्याबद्दल थोडक्यात सांगतो. आपली हवा कोरडी असल्याने इथेच राहिलेल्या गाडीला गंज कमी लागतो. मुंबईहून आणलेली गाडी मात्र संशयानेच पाहावी. बॅटरीखालचा ट्रे, जॅक लावण्याच्या जागा, पायाखालचे मॅट उचलून फ्लोअर आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड या जागा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून तपासाव्यात. चुंबक निसटला तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडायला विसरू नये.

आता बदलांकडे येऊ. माझ्या मते सर्वांत आवश्यक बदल एसीचा आहे. या गाड्यांचा मूळ एसी आर-१२ वायूवर चालत असे. हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतानेही २०१० पर्यंत त्याचा वापर थांबवला. म्हणून आर-१३४ए कडे वळावे लागते, पण नुसता वायू बदलून भागत नाही. जुने खनिज तेल नव्या वायूत मिसळत नाही, त्यामुळे ते पूर्ण धुऊन काढून एस्टर तेल घालावे लागते. सर्व ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) आणि ओलावा शोषणारा ड्रायर बदलावे लागतात. यंत्रणा व्हॅक्यूमखाली बराच वेळ ठेवून मगच वायू भरायचा आणि तोही जुन्या वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्केच. मूळ कंडेन्सर, म्हणजे एसीचा वायू थंड करणारी पुढची जाळी, नव्या वायूला अपुरा पडतो, म्हणून त्या जागी पॅरलल-फ्लो, म्हणजे समांतर नळ्यांच्या प्रकारचा बसवावा.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत आपल्या गावाची कारागिरी कामी येते. नवा, हलका कॉम्प्रेसर बसवण्यासाठी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टर्नरकडून ब्रॅकेट घडवून घेतले. यंत्रमागाचे सुटे भाग घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी इंजिनावरच्या मूळ बोल्टच्या जागा मोजल्या, पुठ्ठ्याचा साचा कापला, आणि पट्टा सरळ रेषेत यावा म्हणून ब्रॅकेटखाली पातळ चकत्या घालून पुली जुळवली. ब्लॉकला एकही नवे भोक पडले नाही. मूळ कॉम्प्रेसर तेल लावून, तोंडे बंद करून पेटीत ठेवला आहे. तो उद्या कोणालाही त्याच बोल्टांवर परत चढवता येईल. एवढे सगळे केल्यावरही ध्यानात ठेवावे, की हे इंजिन जेमतेम ६५ ते ७२ अश्वशक्तीचे आहे, त्यामुळे चढाला एसीचा भार जाणवणारच.

दिव्यांचा बदल सोपा आहे. मूळ व्यवस्थेत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो. बॅटरीवरून रिले (स्विचच्या लहान प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) देऊन वेगळी तार टाकली की स्विचवरचा भार उतरतो आणि प्रकाश वाढतो. तार जोडताना मूळ कनेक्टरमध्ये बसणारे टर्मिनल वापरावेत, म्हणजे काहीच कापावे लागत नाही. फ्यूज बॉक्समधले ॲल्युमिनियमचे फ्यूज टोकांशी पांढरे पडून संपर्क सोडतात; तेवढ्याच क्षमतेचे तांब्याचे फ्यूज घातले, तर विजेच्या कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात.

आसनांचे कापड आपल्याकडेच विणून मिळू शकते, ही गोष्ट सोलापूरकर म्हणून मला फार मोलाची वाटते. पूर्व भागातल्या एका विणकराला मी सीटखालचा, ऊन न लागलेला मूळ तुकडा दिला. त्यांनी उलट बाजूने ताणे-बाणे मोजून तसाच पोत उतरवला. जुने कापड टाकून न देता त्याचे भाग नावे घालून ठेवावेत, कारण पुढच्या शिवणीला तेच माप लागते.

कायद्याची बाजूही याच दिशेने जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल यांनुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल, असा फेरफार गाडीत करता येत नाही. रंग बदलला तरी त्याची नोंद करावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण अट अशी, की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७६ साली नोंदलेली २४० डी २०२६ मध्ये त्या वयाला पोहोचते. आज ज्याने छत कापले किंवा भलतेच इंजिन बसवले, त्याने गाडीचा हा हक्क कायमचा घालवला.

यातूनच खरेदीच्या वेळची एक महत्त्वाची तपासणी निघते. ट्रॅक्सचे इंजिन सहज मिळते, म्हणून पूर्वीच्या एखाद्या मालकाने ते संपूर्णच उचलून मर्सिडीजमध्ये बसवलेले असू शकते. गाडी छान चालते, आवाजही ओळखीचा असतो, त्यामुळे शंका येत नाही. म्हणून व्यवहार ठरवण्यापूर्वी ब्लॉकवरचा क्रमांक ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करून वाचावा, चॅसिसचा क्रमांक वाचावा आणि दोन्ही आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावेत. फरक आढळला तर विकणाऱ्याला आधी आरटीओत नोंद दुरुस्त करून आणायला सांगावे आणि ती हातात येईपर्यंत विसारही देऊ नये.