पंधरा टक्क्यांची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

दोन आकडे ऐका. 27 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीची पक्षांतर्गत निवडणूक, झाली. जो बायडन यांच्या गाझाविषयक धोरणावर नाराज असलेल्या एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘अनकमिटेड’ या पर्यायावर खूण केली. ‘आमचं मत कुणालाच बांधलेलं नाही,’ असा त्याचा अर्थ. त्यांच्या पदरात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, पडले दोन. आठवडाभराने मिनेसोटा राज्यात जेमतेम 46 हजार लोकांनी तीच खूण केली आणि त्यांना मिळाले अकरा. मतं निम्म्याहून कमी, प्रतिनिधी पाचपटीहून जास्त.

हे कशामुळे झालं, ते कळलं की अमेरिकी पक्षातली फूट मोजायची कशी, हेही कळतं.

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. तिकडे ती मतदार देतात. पक्षांतर्गत निवडणुकीत मतं पडतात, मतांवरून डेलिगेट ठरतात आणि ते अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार निवडतात. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, पण पंधरा टक्क्यांची रेघ ओलांडली तरच. चौदा टक्के मिळाले तर हाती शून्य. आणि ही रेघ दोनदा ओढलेली असते, एकदा संपूर्ण राज्यासाठी आणि पुन्हा काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघासाठी.

मिशिगनमध्ये ‘अनकमिटेड’ला राज्यभरात साधारण तेरा टक्के मतं होती, म्हणजे राज्याच्या वाट्यातून काही नाही. फक्त दोन मतदारसंघांत त्यांनी रेघ ओलांडली. एकात अरब-अमेरिकी वस्तीचं डिअरबॉर्न आहे, दुसऱ्यात विद्यापीठाचं ॲन आर्बर. प्रत्येकी एक डेलिगेट आला. मिनेसोटात मात्र जवळपास एकोणीस टक्के पडले. तिथे राज्याच्या वाट्याचंही दार उघडलं.

पंधराच्या खाली राहिलेल्यांची मतं बाजूला काढून उरलेल्यांत गणित होतं. समजा एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत आणि दोन उमेदवार 60-40 असे आले. चारचे साठ टक्के 2.4, चाळीस टक्के 1.6. आधी पूर्णांक वाटायचे, मग मोठ्या अपूर्णांकाला उरलेली जागा. निकाल दोन-दोन! वीस टक्क्यांच्या आघाडीचा काडीचा उपयोग नाही. तिसरा डेलिगेट हवा असेल तर साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. पण जिथे पाच डेलिगेट आहेत तिथे 51-49 ला सुद्धा तीन-दोन होतात. म्हणून जाणते प्रचारप्रमुख पैसा आणि माणसं विषम संख्येच्या मतदारसंघात ओततात. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकून 59 विरुद्ध 48, म्हणजे अकरांची आघाडी घेतली. त्याच दिवशी छोट्या आयडाहो राज्याच्या कॉकसमध्ये, म्हणजे प्रायमरीऐवजी होणाऱ्या कार्यकर्त्यांच्या सभांमध्ये, जिथे साऱ्या राज्यातून एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली होती, बराक ओबामांनी 15 विरुद्ध 3 अशी बाराची आघाडी काढली.

हे नियम भांडणातूनच आले. 1968 मध्ये एकही प्रायमरी न लढवता तेव्हाचे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री उमेदवार झाले, अधिवेशनाच्या वेळी शिकागोच्या रस्त्यावर लाठ्या चालल्या आणि त्यानंतर निवड मतदारांच्या हाती गेली. 1980 च्या दशकात नेत्यांनी ‘सुपरडेलिगेट’, म्हणजे मतदारांच्या कौलाला न बांधलेले पक्षनेत्यांमधले डेलिगेट, आणून थोडी सत्ता परत घेतली. 2016 मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध उमेदवारी लढवणाऱ्या बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांचा त्यावरच रोष होता. 2018 मध्ये पक्षाने ठरवलं की चुरस असेल तर सुपरडेलिगेटांनी पहिल्या फेरीत मत देऊ नये. माझ्या मते गेल्या काही दशकांतली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती.

नोव्हेंबर 2024 मध्ये कमला हॅरिस मिशिगनमध्ये सुमारे 80 हजार मतांनी हरल्या. लाखातून ऐंशी हजार वजा करून ‘अनकमिटेडवाल्यांनी पाडलं’ म्हणणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. 2012 मध्ये ओबामांसमोर कुणीच नसतानाही मिशिगनमध्ये वीस हजारांवर लोकांनी हीच खूण केली होती. तेवढी नाराजी नेहमीचीच. शिवाय प्रायमरीत निषेध नोंदवून पुढे पक्षालाच मत देणारेही पुष्कळ असतात. डिअरबॉर्नची गोष्ट मात्र निराळी. तिथे खरोखरच मतं फिरली. डोनाल्ड ट्रम्प पहिले आले आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनीही मोठा वाटा नेला.

याच मिशिगनमध्ये आपल्या माहितीचं एक नाव आहे, बेळगावचे श्री ठाणेदार. काँग्रेसच्या जागेसाठीच्या प्रायमरीत डेलिगेट नसतात, पंधराची रेघ नसते आणि मिशिगनमध्ये दुसरी फेरीही नसते. ज्याला सर्वांत जास्त मतं, तो उमेदवार. ऑगस्टच्या त्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. मतदाराने एकाच रकान्यात खुणा करायच्या. दोन्हींत केल्या तर पक्षीय भागातली सगळी मतं बाद.

2022 मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या रकान्यात नऊ नावं होती, त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय उमेदवारांची. मतविभागणी टाळण्यासाठी स्थानिक नेत्यांच्या एका समितीने ॲडम हॉलियर या एकाच उमेदवारामागे उभं राहायचं आवाहन केलं, पण बाकीचे मागे हटले नाहीत. ठाणेदारांना साधारण 28 टक्के मतं पडली, हॉलियर यांना 24 च्या आत. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी लढत तिथेच संपली. नोव्हेंबरमध्ये ठाणेदार सुमारे 71 टक्क्यांनी निवडून आले. आणि 1950 च्या दशकापासून प्रथमच, जानेवारी 2023 मध्ये डेट्रॉइटमधून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला नाही.