बीडच्या गाडीचा हिशेब

श्रोते हो, नमस्कार.

१७ सप्टेंबर २०२५. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. त्या दिवशी बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. आमच्या आठ जिल्ह्यांत रूळ न पोचलेलं जिल्ह्याचं ठिकाण एकच उरलं होतं, ते बीड. त्यामुळं स्टेशनवर गर्दी झाली, फोटो निघाले, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही डब्यात चढून बसून आले. साहजिकच आहे. दोन पिढ्यांनी निवडणुकीच्या सभांमध्ये या गाडीची शिट्टी ऐकली होती.

पण नव्याची नवलाई किती दिवस टिकणार? लगेच माणसं बोलायला लागली. सुरुवातीच्या वेळापत्रकात या गाडीला पाच तासांहून जास्त वेळ होता. एसटी तीनएक तासांत नेऊन सोडते, तीही थेट बसस्थानकात. मग एवढे हजारो कोटी घालून मिळवलं काय? हा प्रश्न चहाच्या टपरीवरचा आहे म्हणून सोडून देऊ नये. रेल्वेच्या कचेरीत बसलेला हिशेबनीसही हाच प्रश्न विचारतो, फक्त त्याच्याकडे तो तक्त्यांत मांडलेला असतो. आज आपण तो तक्ता थोडा उलगडून बघू.

अहिल्यानगर, आम्ही अजून सवयीनं नगरच म्हणतो, तिथून बीडमार्गे परळी वैजनाथ. एकूण मार्ग २६१ किलोमीटरचा. १९९५ साली मंजूर झाला तेव्हा अंदाज होता सुमारे ३५३ कोटी रुपयांचा. आज तो आकडा ४,८०० कोटींच्या घरात आहे. म्हणजे किलोमीटरला सव्वा-दीड कोटीवरून अठरा कोटींवर.

लोक म्हणतात, महागाई हो. पण महागाईनं सगळं भागत नाही. दरसाल सात टक्के वाढ धरून तीस वर्षं मोजलीत तर ३५३ कोटींचे होतात २,७०० कोटींच्या आसपास. वरचे दोन हजार कोटी कुठून आले? काही भाग असा की पहिला अंदाजच तोकडा होता. प्रकल्प मंजूर करून घ्यायचा तर आकडा लहान दाखवावा लागतो, ही आपल्याकडची जुनी रीत. घर बांधणारा गवंडीही तेच करतो, चौकट बसेपर्यंत खर्च कमीच सांगतो. दुसरा भाग जमिनीचा. २०१३ चा भूसंपादन कायदा आला आणि ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत गेला. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हे योग्यच झालं, ज्याचं रान दोन तुकड्यांत कापलं जातं त्याला मोल मिळालंच पाहिजे. पण १९९७-९८ मध्ये जी जमीन घेता आली असती ती वीस वर्षांनी घेतली, तर त्या उशिराचं बिल कोणी भरायचं? भरलं आपणच. या मार्गाचा निम्मा खर्च राज्य सरकारनं उचललाय, निम्मा केंद्रानं. खिसे दोन, पण पैसा एकाच माणसाचा.

उशीर कसा होतो तेही सांगतो. रेल्वेच्या अर्थसंकल्पासोबत कामांची एक यादी येते, तिला पिंक बुक म्हणतात. त्यात एखाद्या कामापुढं कधीकधी तरतूद असते एक हजार रुपये. हजार कोटी नव्हे, नुसते हजार रुपये. एवढ्यात खडीचा एक ट्रकही येत नाही. पण त्यानं काम कागदावर जिवंत राहतं आणि खासदारांना मतदारसंघात सांगायला तोंड राहतं. बीडच्या मार्गालाही वर्षानुवर्षं तुटपुंज्या रकमा मिळत गेल्या. गोपीनाथ मुंडे यांनी हा विषय लावून धरला, राज्यानं निम्मा वाटा कबूल केला, तेव्हा कुठं कामाला गती आली. नगर ते आष्टी हा पहिला टप्पा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला आणि बीडला पोचायला आणखी तीन वर्षं गेली.

याच्या शेजारी कोकण रेल्वे ठेवून बघा. ७४१ किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीतून, बोगदेच बोगदे, पावसाळ्यात डोंगर अंगावर येणारा मुलूख. तरी १९९० साली महामंडळ झालं आणि १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या. आठ वर्षं! आमच्याकडे बालाघाटाच्या रांगा आहेत हे खरं, पण बालाघाट म्हणजे सह्याद्री नव्हे. फरक पडला तो पैशाच्या पद्धतीत. कोकणासाठी वेगळं महामंडळ होतं, चार राज्यांनी भांडवल घातलं, रोखे काढून लोकांकडून कर्ज उभं केलं, आणि पैसा हातात असल्यामुळं महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्यासारख्या माणसाला काम थांबवावं लागलं नाही. अर्थात रोख्यांवर व्याज द्यावं लागतं. त्या व्याजाचं ओझं कोकण रेल्वेला पुढं बरीच वर्षं पेलावं लागलं. कर्ज काढून लवकर बांधा आणि व्याज भरा, किंवा तुकड्यातुकड्यानं बांधा आणि वाढीव खर्च भरा, फुकट काही नाही. मला विचाराल तर पहिला मार्ग बरा, कारण त्यात निदान गाडी तरी मिळते.

आता कमाईची बाजू. बीड ते नगर रुळांनी १६७ किलोमीटर. सडकेनं अंतर बरंच कमी, सव्वाशे-एकशेतीसच्या आसपास. रेल्वे लांबून का जाते? तर तिला चढ सोसत नाही. नवा मार्ग आखताना साधारण शंभर मीटरला एक मीटर, त्याहून जास्त चढ नको असतो. एसटीचा ड्रायव्हर गिअर बदलून घाट चढतो. रूळ मात्र डोंगराला वळसा घालतात, नाहीतर भराव आणि कटिंग करत सरळ नेतात. दोन्हीकडून खर्च आहेच.

किलोमीटरला अठरा कोटी धरले तर या १६७ किलोमीटरचे झाले तीन हजार कोटी. त्यावर सात टक्क्यांनी व्याज धरा, वर्षाला २१० कोटी, म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख. साध्या पॅसेंजरचं भाडं त्या अंतराला चाळीसएक रुपये. गाडीत पाचशे माणसं बसली असं समजू, येताना पाचशे, जाताना पाचशे. कमाई चाळीस हजार! एकीकडे सत्तावन्न लाख आणि दुसरीकडे चाळीस हजार, त्यातही डिझेल आणि पगार अजून धरलेले नाहीत.

हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, मग बांधलीच कशाला? थांबा. या मापानं मोजलं तर देशातल्या बहुतेक पॅसेंजर गाड्या बंद कराव्या लागतील. काही वर्षांपूर्वी तिकिटावरच छापलेलं असायचं की रेल्वे प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. उरलेलं मालगाड्या भरून काढतात, कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य. तरीही रुपया कमवायला रेल्वेला ९८ पैशांच्या आसपास खर्च येतो. आणि सडकेला आपण हे माप कधी लावतो का? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि खर्च ५५ हजार कोटींच्या घरात. किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर कोटी पडले. त्यावर टोल आहे हे मान्य. पण जालन्याच्या माणसाला कोणी विचारलं नाही की बाबा, तू वर्षातून किती वेळा त्यावरनं जाणार? रेल्वे आली की मात्र आपण एकदम वाणी होतो.

तक्त्यात न मावणाऱ्या गोष्टी कशा असतात, त्याचं उदाहरण लातूरकरांना सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६. शहरात पाणी नाही, नळाला महिन्यातून कधीतरी पाणी. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आधी दहा टाक्या, पाच लाख लिटर. मग पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. आता आठवून बघा, कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग २००८ पर्यंत अरुंद होता. अडीच फुटी. आमची बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती आखली, १८९७ मध्ये बार्शीला आणि १९११ मध्ये लातूरला आणली. तो मोठा काटकसरी माणूस. हलके रूळ, छोटी इंजिनं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. जेवढा माल तेवढीच रेल्वे. त्या काळात लातूरच्या आडतीला आणि पंढरीच्या वारकऱ्याला ती पुरली. पण तीच अरुंद लाईन २०१६ मध्ये असती, तर पाण्याची ती गाडी कुर्डुवाडीलाच अडली असती. रूळ रुंद करण्याचा सर्व्हे झाला तेव्हा, ‘पुढं कधी पाणी न्यावं लागेल’ असा रकाना कोणाच्या कागदात होता का?

म्हणून मागेल तिथं लाईन द्यावी असंही माझं म्हणणं नाही. इथं थोडं कडू बोलतो.

सध्या आमच्या भागात मार्गांची रांग लागली आहे. जालना ते जळगाव, १७४ किलोमीटर, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केला, खर्च ७,१०६ कोटी. किलोमीटरला चाळीस कोटी. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, ८४ किलोमीटर. सुरुवातीला ९०५ कोटी म्हणाले, आता ३,२०० कोटींच्या पुढं गेलाय. काम अजून व्हायचंय तोवर साडेतीन पट. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो तुकडा विदर्भातला. नांदेडकर अजून नकाशाच बघतायत. हे सगळे मार्ग हवेत. पण एकाच वेळी सगळ्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं की एकही झाड धरत नाही, हे फळबागवाल्याला सांगावं लागत नाही.

आणि ज्या कामानं रोजच्या प्रवाशाला सगळ्यात लवकर फरक पडेल, त्याच्यासाठी आम्ही कधी रास्ता रोको केला नाही. ते काम म्हणजे दुहेरी लाईन. संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, २,१७९ कोटी. किलोमीटरला बारा-सव्वाबारा कोटी. जालना-जळगावच्या नव्या लाईनच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, कारण स्टेशनं आहेत, रूळ कुठनं जाणार ते ठरलेलं आहे. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला हैदराबाद-मनमाड मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीची लाईन, पडली. तिचा हा पट्टा नव्वदच्या दशकात रुंद झाला, पण एकेरीचा एकेरीच राहिला.

एकेरी लाईन म्हणजे काय, हे सेलू-परतूरच्या माणसाला विचारा. समोरून गाडी येणार म्हणून आपली पॅसेंजर मधल्या स्टेशनात उभी. क्रॉसिंगला पडली, असं आम्ही म्हणतो. एक एक्स्प्रेस जाते. सुटेल आता, म्हणून आपण बिडी विझवतो, तर मागूनही एक येणार असते, तिला पुढं काढायचं असतं. अर्धा तास कुठं गेला कळत नाही. मी परभणीहून संभाजीनगरला जाताना मानवत रोडला एवढे चहा प्यालोय की तिथल्या चहावाल्याच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण यायला हवं होतं. आता वंदे भारत जालन्यावरून नांदेडपर्यंत आली, आनंद आहे, मुंबई जवळ झाली. पण एकेरी रुळावर एक वेगवान गाडी वाढली की कोणतीतरी सावकाश गाडी बाजूला उभी राहते, आणि तिच्यात कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं आणि भाजीच्या टोपल्या असतात.

आणखी एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. मराठवाड्याची रेल्वे एका घरात नांदत नाही. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, त्याचं मुख्यालय सिकंदराबाद. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. गाडी एका घरातून दुसऱ्या घरात जाताना वेळापत्रक जुळवायला दोन घरांची संमती लागते. परळीला जे मिळतं ते नगरला जुळेलच असं नाही. हे सुधारायला सिमेंट लागत नाही, चार बैठका लागतात.

आता परत बीडला येऊ. तिथून परळीपर्यंत अजून ९४ किलोमीटर बाकी आहेत. परळीला कोळशावर चालणारं वीज केंद्र आहे, तिथून लाईन एका बाजूला परभणीला आणि दुसऱ्या बाजूला लातूर रोडवरून विकाराबाद, हैदराबादकडे जाते. नगरहून दौंड, पुणे. हा दुवा जुळला की पुण्याहून नांदेड-हैदराबादकडे जायला एक नवी वाट होईल, मालगाड्या तिथून वळवता येतील, आणि मग आपण मघाशी मांडलेल्या सत्तावन्न लाखांच्या हिशेबात दुसऱ्या बाजूला काहीतरी जमा व्हायला लागेल. आजची गाडी अर्ध्या लाईनवर धावते, दुसरं टोक बंद आहे. तिच्यात माणसं किती बसली हे मोजून मार्ग फसला म्हणणं म्हणजे वीस फूट खणून थांबलेल्या विहिरीला कोरडी म्हणण्यासारखं आहे.

तोवर एक करता येईल. वेळ बदलावी. बीडच्या माणसाला नगरला सकाळी पोचून, काम उरकून संध्याकाळी घरी यायचं असतं, आणि सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी नगरहून सकाळी निघून दुपारी बीडला पोचायची आणि दुपारीच परत फिरायची. या गाडीनं कोर्टाची तारीख गाठता येत नाही आणि कांदाही विकता येत नाही. स्टेशनापासून गावापर्यंत शेअर रिक्षा किंवा एसटीची एक फेरी गाडीच्या वेळेला लावावी. तीन हजार कोटींच्या रुळांवर हा खर्च किती? बीडच्या श्रोत्यांनी पुढच्या बैठकीत लोकप्रतिनिधींना नव्या सर्व्हेबद्दल विचारायच्या आधी हे वेळापत्रक त्यांच्या हातात द्यावं, आणि बीडहून पहाटे सुटणारी गाडी कधी, ते विचारावं.

नमस्कार.