या वस्तऱ्याचं वय काय?

हा वस्तरा बघा. बंद असताना काही खास वाटत नाही, पण उघडला की पातं एवढं जाड निघतं की पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी बोलूनच गेलो, हा अठराव्या शतकातलाच असणार. जाड म्हणजे जुना, हे डोक्यात बसलेलं असतं ना. अगदीच खोटं नाहीये ते, पण तेवढ्यावर वय ठरवलं की फसायला होतं, आणि मी फसलोच.

तर आधी पातं सोडा, टँग बघा. म्हणजे पातं आणि शेपटीच्या मधला तो जाड भाग, शिक्का तिथे असतो. थेंबभर तेल लावायचं, लाइट तिरका पाडायचा आणि भिंग घेऊन निवांत बसायचं. पॉलिश अजिबात नको, घासून चकचकीत केलं की शिक्का गेला आणि त्याच्याबरोबर वयही गेलं. आता दिसतंय बघा, मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, खाली शेफील्ड, म्हणजे इंग्लंडमधलं पोलादी पात्यांसाठी प्रसिद्ध शहर. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. माझं अठरावं शतक इथेच संपलं. डब्ल्यू.आर. असतं तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७, जेमतेम सात वर्षं, तसा शिक्का मिळाला तर लॉटरीच समजा. जी.आर. मात्र डेंजर, कारण १८३० पर्यंत ओळीने जॉर्जच होते आणि १९१० ला परत जॉर्ज आला, त्यामुळे नुसती अक्षरं वाचून तारीख सांगणारा माणूस आरामात शंभर वर्षांनी चुकू शकतो.

बरं, व्हिक्टोरिया म्हटलं तरी चौसष्ट वर्षं होतात, ती अजून कापायला हवीत. शिक्क्यात शेफील्ड आहे पण इंग्लंड नाही. अमेरिकेत १८९० मध्ये मॅकिन्ली टॅरिफ कायदा, म्हणजे आयात मालावरच्या जकातीचा कायदा आला आणि १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं भाग पडलं, म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ दिसलं की वस्तरा बहुतेक त्यानंतरचा. पण हे उलटं चालत नाही हं. नाव नाही म्हणून १८९१ च्या आधीचा, असं नाही, कारण जो माल तिकडे जाणारच नव्हता त्याच्यावर कोण कशाला टाकेल.

आता पातं टोकाकडून बघू. सरळ पाचर, पाठीला जाड आणि धारेपर्यंत सपाट उतरत गेलेली. दोन्ही गालांना खोल खळगा असलेली पातळ पाती, ज्याला हॉलो ग्राइंड म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सगळीकडे दिसायला लागली, जर्मनीतल्या सोलिंगेनचं त्यात मोठं नाव. आणि ही शेपटी, लांब, वर वळलेली. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना शेपटी नसायचीच किंवा नुसता खुंट असायचा, म्हणजे हे एवढंसं वळण मी आधी बघितलं असतं तर तोंडघशी पडलो नसतो. माझ्या मते १८४० ते १८७०, यापेक्षा बारीक तारीख मी सांगणार नाही.

पण मूठ वेगळंच सांगते. रंग हस्तिदंती आहे, पण कडेला बघा, सगळ्या रेघा एकमेकींना समांतर, पट्टीने मारल्यासारख्या. खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसतात. हे सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक, आणि सेल्युलॉइड १८७० च्या सुमाराला बाजारात आलं. बोटाने जोरात चोळलं की कापराचा वास येतो, तेवढी परीक्षा पुरे, गरम सुई लावायच्या भानगडीत पडू नका, भसकन पेट घेतं. शिवाय टँगच्या भोकाभोवती एका मोठ्या वॉशरचा झिजलेला गोल ठसा आहे आणि आत्ताचा वॉशर त्याच्या निम्मा पण नाही, म्हणजे मूठ नंतर कोणीतरी बदललेली.

आणि पात्यावरचा हा तांबूस डाग बघा, नेमका मूठ झाकते तेवढ्याच भागावर. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पोलाद खाते. मूठ अजून काढलेली नाही, पण वस्तरा आता बंद करून ठेवत नाही, उघडाच ठेवतो.