नियमाचा खर्च कोण सोसणार?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, जाहीर विषय आहे ‘उघड्यावर जाळणं आणि शहरांचे अग्निसुरक्षेचे नियम’. नियमांचा मसुदा कसा असावा हे मी शेवटी सांगणार आहे. पण त्याआधी आपण शिकागोला जाऊन येऊ. तिथे काय घडलं ते ऐकल्याशिवाय मसुद्यातलं एकही कलम पटायचं नाही.

१८७१ सालची शिकागोची आग कुणाकुणाला माहीत आहे? बरेच हात दिसतायत. आणि गायीची गोष्ट? बघा, आता त्याहून जास्त हात वर झाले! ८ ऑक्टोबरच्या रात्री कॅथरीन ओ’लिअरी या बाईंच्या गोठ्यात गायीनं लाथ मारली, कंदील कलंडला आणि शहर जळालं, अशी ती गोष्ट. आता मला सांगा, ती लाथ पाहिली कुणी? आग त्या गोठ्यात किंवा त्याच्या आसपास लागली, इतकंच खरं. रीतसर चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि कारण सापडलं नाही. तरी त्या बाईंना उरलेलं आयुष्य लोकांच्या नजरा चुकवत काढावं लागलं. शिकागोच्या नगरसभेनं त्यांना दोषमुक्त करणारा ठराव केला १९९७ साली. तोवर त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती.

मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो निव्वळ त्या बाईंसाठी नाही. एकदा दोष गायीवर टाकला की लाकडाकडे बघायची गरज उरत नाही. शिकागोत घरं लाकडाची होती, पदपथ फळ्यांचे होते, कित्येक रस्त्यांवर लाकडी ठोकळे बसवलेले होते. उन्हाळ्यापासून पाऊस जवळजवळ नव्हता. आदल्याच रात्री एका मोठ्या आगीशी झुंजून बंबवाले थकलेले होते. अशा शहरात ठिणगी कुठून आली हा प्रश्न तसा किरकोळच म्हणायचा. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली.

पण मित्रहो, त्याच रात्री, शिकागोच्या उत्तरेला विस्कॉन्सिन राज्यात पेश्टिगो नावाचं लाकूडतोड्यांचं गाव होतं. हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन... तीन. हेच मला दाखवायचं होतं. पेश्टिगो आणि आसपासच्या वस्त्यांत त्या रात्री किमान बाराशे माणसं मेली. काही अंदाज अडीच हजारापर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासात इतके बळी घेणारा दुसरा वणवा नाही, आणि तो झाकला गेला शिकागोच्या आगीखाली. तारेच्या लायनी जळाल्या होत्या, म्हणून बातमीही उशिरा बाहेर पडली. ती विस्कॉन्सिनच्या राजधानीत पोचली तेव्हा तिथले गव्हर्नर लुशियस फेअरचाइल्ड शिकागोच्या मदतीला गेलेले होते. मग त्यांच्या पत्नी फ्रान्सेस यांनी, हाती कुठलंही पद नसताना, शिकागोकडे निघालेली मदतीची गाडी पेश्टिगोच्या दिशेनं वळवली. जमलं तर या बाईंवर एक वेगळं व्याख्यान ठेवा, मी नक्की येईन.

आता पेश्टिगो पेटलं कशानं? शेतासाठी जमीन मोकळी करणारे लोक झाडोरा जाळत होते. रेल्वेचा मार्ग साफ करणारे जाळत होते. आधीचे कित्येक दिवस परिसरात लहान लहान आगी धुमसत होत्या आणि लोकांना धुराची सवय झाली होती. एकेकट्या पाहिल्या तर त्यातली कुठलीच आग भीती वाटावी अशी नव्हती. मग ८ तारखेला जोराचा वारा आला, सगळ्या आगी एकमेकींना मिळाल्या, आणि माणसांना नदीत उड्या टाकण्यावाचून मार्ग उरला नाही. नदीतही काही जण बुडाले, काही गारठून मेले.

उघड्यावर जाळणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं असतं, ‘मी जाळतो ते थोडंसंच, आणि लक्ष ठेवून.’ ते खरंही असतं. पेश्टिगोतले लोकही काही निष्काळजी नव्हते. जाळताना वारा पडलेला होता, आणि वारा सुटला तेव्हा आग आधीच लागलेली होती, हे त्यांचं दुर्दैव.

असो. आता मी ज्यासाठी शिकागो काढलं तो भाग. आगीनंतर महिन्याभरात निवडणूक झाली. जोसेफ मेडिल महापौर झाले, ते ‘अग्निरोधक’ नावानं उभ्या राहिलेल्या आघाडीतर्फे! निवडून आल्यावर त्यांनी प्रस्ताव मांडला की शहराच्या हद्दीत यापुढे लाकडी इमारत नको, विटांचीच हवी. शहाणपणाचा प्रस्ताव होता. इथे बसलेल्या सगळ्यांनी त्याला हात वर केला असता, मीही केला असता.

पण १८७२ च्या जानेवारीत शहराच्या उत्तर भागातले कामगार, त्यात जर्मन बरेच, मोर्चा घेऊन नगरसभेवर आले. त्यांची घरं जळाली होती. हातात उरली होती जमिनीची चिंचोळी पट्टी आणि कर्ज. लाकडी घर त्यांना परवडत होतं, विटांचं परवडत नव्हतं. ‘आगीनं आमचं घर नेलं, आता तुमचा नियम जमीनही नेणार’, असं त्यांचं म्हणणं होतं. मोर्चा चिघळला, दगडफेक झाली, वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. मी अजूनही त्या लोकांच्या बाजूनं बोलतो, आणि माझे अग्निशमन क्षेत्रातले मित्र माझ्यावर चिडतात. चिडू देत. त्या लोकांना आग नको होती. त्यांचा सवाल सरळ होता: विटांचे पैसे कोण देणार? या सवालाला सभागृहात कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर तडजोड वेगळी झाली असती. झाली ती अशी की कामगारांच्या वस्त्या नियमातून वगळल्या. नियम राहिला कागदावर आणि लाकूड राहिलं जागेवर.

१८७४ च्या जुलैत पुन्हा मोठी आग लागली, आठशेच्या वर इमारती गेल्या. मग विमा कंपन्यांनी शहरातून अंग काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्या धाकानं नगरसभेनं विटांची हद्द पूर्ण शहरभर वाढवली. म्हणजे नियम अखेर आला. पण गरिबाच्या विटांचा प्रश्न तसाच राहिला, आणि गरीब हद्दीबाहेर सरकले.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे: जो ठराव नियम करतो, त्याच ठरावात त्याचा खर्च कोण उचलणार हेही लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर बघू म्हटलं की एक तर नियम पोकळ होतो, नाही तर गरिबाच्या अंगावर पडतो.

हे कुणालाच जमलेलं नाही असं समजू नका. १६४८ साली न्यू ॲम्स्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये, तिथले डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट यांनी लाकडी धुराड्यांवर बंदी आणली आणि धुराडी तपासायला माणसं नेमली. दंडातून जे पैसे जमतील त्यातून चामड्याच्या बादल्या, शिड्या आणि जळतं छप्पर ओढून पाडायचे आकडे घ्यायचे, असंही ठरलं. दंड भरणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसत होतं. मला हा नियम फार आवडतो. आजही अनेक शहरांत दंड वसूल होतो आणि तिजोरीत नाहीसा होतो.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं, आणि ते थेट आजच्या विषयाचं. तिथे घरोघरी परसात कचरा जाळायची भट्टी असे. १९४३ च्या जुलैत शहरावर असा धूर बसला की लोकांचे डोळे चुरचुरले. पुढे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं की मोटारींच्या आणि तेलशुद्धीच्या वायूंवर ऊन पडून तो धूर तयार होतो. तेव्हा भट्टीवाले म्हणाले, मग आम्हाला का छळता? प्रश्न रास्त होता, कारण मोठे गुन्हेगार दुसरेच होते. तरी परसातल्या भट्ट्यांची भर होतीच. वाद वर्षानुवर्षं चालला, आणि १ ऑक्टोबर १९५७ पासून भट्ट्यांवर बंदी आली. ती टिकली, कारण घरचा जळाऊ कचरा उचलण्याचं काम शहरानं आपल्याकडे घेतलं. जाळू नका म्हणणाऱ्यानंच गाडी पाठवली. मात्र त्यासाठी घरी कचरा वेगवेगळा करून ठेवावा लागे. पुढे १९६१ साली सॅम यॉर्टी यांनी महापौरपदाच्या प्रचारात गृहिणींना कचरा वेगळा करण्याच्या त्रासातून सोडवण्याचं आश्वासन दिलं आणि ते निवडून आले. घरातल्या बाईवर वाढणारं काम हासुद्धा नियमाचा खर्चच आहे, आणि तो सभागृहात सहसा कुणी मोजत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बरं, मग मसुदा भराभर सांगतो.

पहिलं, सगळ्या आगी एका कलमात कोंबू नका. घरचा कचरा जाळणं, पालापाचोळा जाळणं, शेकोटी, आणि स्वयंपाकाची चूल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कचऱ्यावर पूर्ण बंदी हवी. कारण सांगतो: पिंपात जळणारा कचरा नीट पेटत नाही, धुमसतो. त्यात क्लोरीन असलेलं प्लास्टिक असलं की तशा मंद तापमानाला डायॉक्सिन नावाचं अतिविषारी रसायन तयार होतं. युरोपातल्या कचराभट्ट्यांना धूर किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, वर गाळण्या लागतात. परसातल्या पिंपाला यातलं काहीच नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २००० सालच्या मोजदादीत डायॉक्सिनचा सर्वांत मोठा स्रोत हीच परसातली पिंपं निघाली. तेव्हा शेजाऱ्याची तक्रार ही चोखंदळपणा समजू नका.

दुसरं, अंतर. अमेरिकेतली पुष्कळ शहरं ‘इंटरनॅशनल फायर कोड’ या अग्निसुरक्षेच्या नमुना नियमावलीच्या आधारे नियम करतात. त्यात उघड्यावर जाळायचं तर इमारतीपासून सुमारे १५ मीटर, आणि शेकोटीला साडेसात मीटर अंतर सांगितलंय. शेकोटी सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच, त्याहून मोठी नको. माणूस शेवटपर्यंत हजर हवा, हाताशी पाणी हवं. मात्र दाट वस्तीत १५ मीटर जागा मिळतच नाही. तिथे असं कलम म्हणजे नाव न घेता केलेली बंदीच, आणि मग ती बंदी म्हणूनच लिहावी. पळवाट काढायला लोकांना भाग पाडू नये.

तिसरं, वारा. परवानगी महिनाभराची देऊ नका, त्या दिवसाची द्या. कोरडी हवा आणि जोराचा वारा असेल तर दिलेली परवानगीही आपोआप रद्द व्हावी, आणि हे लोकांना सकाळीच कळावं.

चौथं, राख. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबरला गवताची आग विझवली, असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं ती पुन्हा पेटली आणि २५ माणसं गेली. तिथे तर विझवणारे बंबवाले होते. म्हणून राख भिजवून, ढवळून, हात जवळ नेऊन गरम लागत नाही हे पाहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे शब्द नियमात असू द्या.

पाचवं, अपवाद. जाणकारांनी, ठरवून, योग्य हवेत केलेलं जाळणं रानातला सुका पाला कमी करतं आणि पुढचा वणवा सौम्य करतं. त्याला वेगळी परवानगी असावी. सरसकट बंदीनं तेही थांबतं आणि जळण साठत राहतं.

आणि सहावं, ज्यासाठी मी तासभर तुमचा वेळ घेतला. बंदीची तारीख आणि कचरा उचलण्याची तारीख एकाच ठरावात लिहा, आणि उचलणं सुरू झाल्याशिवाय बंदी लागू होणार नाही असं कलम घाला. पालापाचोळ्यासाठी खतखड्ड्याची जागा नेमून द्या. दंडाच्या पैशातून वस्तीत पाण्याच्या टाक्या आणि नळ्या घ्या, आणि किती घेतल्या ते दर वर्षी फलकावर लावा. हरकती मागवताना परसातल्या भट्टीवाल्यालाही बोलवा, त्याच्या शेजारच्या दमेकऱ्यालाही बोलवा, आणि ज्याला पर्याय परवडत नाही त्याला सगळ्यात आधी बोलू द्या.

वेळ संपलीय. प्रश्न विचारा. मागच्या रांगेतला हात मघापासून वर आहे, आधी तिकडे माइक द्या.